उतरलेली साखर आणि थकलेले मूत्रपिंड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा शब्दांकित पाठ)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा मनःपूर्वक ऋणी आहे. निमंत्रण देताना त्यांनी सांगितले होते, "डॉक्टरसाहेब, मधुमेहावर बोला, पण पथ्यपाण्याचे आम्ही खूप ऐकले आहे. ज्याची माहिती नसल्याने घरात अनर्थ होतो, असे काही सांगा." त्यांच्या आज्ञेनुसार मी आज मधुमेहाच्या औषधांविषयी बोलणार आहे. ज्यांचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, दुबळे झाले आहे त्यांच्या शरीरात ही औषधे कशी वागतात, हा माझा विषय आहे. प्रारंभी एक प्रसंग सांगतो. त्यातील चूक माझी स्वतःची आहे, म्हणून तो सांगण्याचा अधिकारही मला आहे असे मी मानतो.

एक प्रसंग

बरीच वर्षे झाली. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे मधुमेहासाठी नियमित येत. ग्लिबेनक्लामाइड नावाची गोळी त्या बारा वर्षे घेत होत्या. उपाशीपोटीची साखर नेहमी १८०-२०० च्या घरात असे. एकदा त्या हसतमुखाने अहवाल घेऊन आल्या. साखर १०४! पथ्यात बदल नव्हता, गोळीतही नव्हता. कारल्याच्या रसाचा गुण आला, असे त्यांना वाटले. मीही म्हणालो, "उत्तम! असेच चालू ठेवा." गोळी तीच, मात्राही तीच राहिली.

सहा आठवड्यांनी थंडीच्या दिवसांत सकाळी त्यांना बेशुद्धावस्थेत आणले. घरच्यांना पक्षाघाताची शंका होती. बोटातून रक्त घेऊन तपासले, तर साखर होती ३४. शिरेतून ग्लुकोज देताच काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला. "आता घरी नेऊ का?" असे मुलाने विचारले. सुदैवाने मी थांबवून घेतले, कारण चार तासांनी साखर पुन्हा चाळिशीत आली. सलग दोन दिवस शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले. क्रिएटिनिन तपासले, ते ३.१ निघाले. मूत्रपिंडाची तपासणी तीन वर्षांत झालीच नव्हती. ती मी सांगितली नव्हती.

त्यांच्या सूनबाईंनी नंतर सांगितलेली गोष्ट मी आजही विसरू शकत नाही. पहाटे चारच्या सुमारास आई उठून बसल्या होत्या, अंग घामाने भिजले होते, हात थरथरत होते. "साखरपाणी देऊ का?" असे सुनेने विचारले. त्यावर "माझा चौविहार आहे" म्हणून त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आडव्या झाल्या.

गोळी तीच होती, आजीही त्याच होत्या. बदलले होते ते मूत्रपिंड. ज्या उतरलेल्या साखरेचा आम्ही सर्वांनी आनंद मानला, ती वास्तविक धोक्याची पहिली सूचना होती. आजच्या भाषणाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे: जुन्या मधुमेही माणसाची साखर काही कारण नसताना उतरू लागली, तर आनंद मानण्यापूर्वी मूत्रपिंड तपासा.

साखर आपोआप का उतरते?

मूत्रपिंड फक्त लघवी तयार करते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु साखरेच्या व्यवहारात या अवयवाचे दोन मोठे वाटे आहेत. पहिला, रक्तातील इन्सुलिनचे काम झाले की त्याची विल्हेवाट लावणे. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतातून जाते आणि तेथेच त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. सुईने टोचलेले इन्सुलिन मात्र थेट रक्तात मिसळते, आणि त्याचा निचरा करण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो. दुसरा वाटा म्हणजे आपण उपाशी असताना शरीरात नवी साखर तयार करणे. हे काम मुख्यतः यकृताचे, पण मूत्रपिंडही त्याला हातभार लावते.

मूत्रपिंड थकले की दोन्ही गोष्टी बिघडतात. इन्सुलिन रक्तात अधिक काळ रेंगाळते आणि उपाशीपोटी साखरेचा आधार कमी पडतो. त्यातच अशा रुग्णाची भूक मंदावलेली असते. म्हणून काल योग्य असलेली मात्रा आज अति ठरते. गाळण्याची क्षमता ५० च्या खाली गेली की इन्सुलिनची मात्रा साधारण चतुर्थांशाने, आणि १० च्या खाली गेली की निम्म्याने कमी करावी लागते, असा वैद्यकातील जुना ठोकताळा आहे. प्रत्यक्ष मात्रा अर्थातच रुग्णागणिक वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

क्रिएटिनिनचा आकडा फसवतो

"डॉक्टर, क्रिएटिनिन तर १.४ च आहे, थोडेसेच वाढले आहे ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होते. ज्याचे स्नायू अधिक, त्याचे क्रिएटिनिन अधिक. म्हणून त्या आकड्यावरून वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळणक्षमता काढतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ती 'ई-जीएफआर' या नावाने छापलेली असते. आज प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्राने हिशेब केला, तर १.४ क्रिएटिनिन असलेल्या तीस वर्षांच्या पुरुषाची गाळणक्षमता सुमारे ६९ येते. तेच १.४ क्रिएटिनिन बहात्तर वर्षांच्या स्त्रीचे असेल, तर ती सुमारे ४० येते. आकडा एकच, पण त्या आजींच्या औषधांचा फेरविचार लगेच व्हायला हवा.

म्हणून प्रत्येक मधुमेही व्यक्तीने वर्षातून किमान एकदा दोन तपासण्या कराव्यात: रक्तातील क्रिएटिनिन गाळणक्षमतेसह, आणि लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण. गाळणक्षमता ६० च्या खाली असेल तर या तपासण्या अधिक वेळा कराव्या लागतात.

आणखी एक फसवणूक सांगतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आपण प्रमाण मानतो. परंतु मूत्रपिंडाच्या विकारात तांबड्या पेशींचे आयुष्य घटते. शिवाय रक्त चढवलेले असते, किंवा रक्तवाढीसाठी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू असतात. अशा वेळी ही सरासरी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. डायलिसिसवरील रुग्णाने केवळ तिच्यावर विसंबू नये. घरी ग्लुकोमीटरने घेतलेल्या नोंदी अधिक बोलक्या असतात.

कोणते औषध कसे वागते?

आता औषधांकडे वळू. घरी गेल्यावर आपापल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून त्यांवरील बारीक अक्षरांतील मूळ नावे वाचावीत, अशी माझी विनंती आहे. कंपनीची नावे शेकडो आहेत, मूळ औषधे मात्र मोजकीच.

*सल्फोनिलयुरिया गट.* ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड ही यातील नेहमीची नावे. ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. आपण जेवलो आहोत की उपाशी आहोत, हे त्यांना कळत नाही. ग्लिबेनक्लामाइडचे शरीरात रूपांतर होऊन जे घटक बनतात, तेही साखर उतरवतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. वाट बंद झाली की ते साचतात. म्हणूनच आजींची साखर एकदा वर येऊन पुन्हा पुन्हा घसरत राहिली. मूत्रपिंड दुबळे असलेल्या आणि वृद्ध रुग्णांना हे औषध देऊ नये, हे आता सर्वमान्य आहे. ग्लिमेपिराइडही जपूनच द्यावे लागते. या गटातील औषध द्यायचेच असेल, तर ग्लिपिझाइड किंवा ग्लिक्लाझाइड कमी मात्रेत तुलनेने बरे.

*मेटफॉर्मिन.* हे अतिशय उपयुक्त आणि स्वस्त औषध. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहासाठी वापरात आणले. ते स्वतः मूत्रपिंडाला इजा करत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण तसा गैरसमज फार आहे. अडचण उलट आहे. हे औषध शरीरात न बदलता जसेच्या तसे मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. मूत्रपिंड अडले की ते साचते आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेतते. त्याचेच भावंड असलेले फेनफॉर्मिन याच दोषामुळे अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेरीस बाजारातून गेले आणि आपल्या देशातही २००३ मध्ये त्यावर बंदी आली. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका पुष्कळच कमी आहे. पूर्वी क्रिएटिनिनच्या आकड्यावरून ते बंद करत. २०१६ पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाळणक्षमता हा निकष धरला. ३० च्या खाली ते वर्ज्य, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करू नये आणि चालू असल्यास मात्रा सामान्यतः निम्मी करावी. जुलाब-उलट्या, तीव्र ताप किंवा शस्त्रक्रिया असताना, तसेच मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला सीटी स्कॅन वा अँजिओग्राफीसाठी शिरेतून रंगद्रव्य देताना ते तात्पुरते थांबवतात.

*ग्लिप्टिन गट.* यांनी एकट्याने साखर फार खाली जात नाही. सिटाग्लिप्टिनची मात्रा गाळणक्षमतेनुसार १०० वरून ५० आणि पुढे २५ मिलिग्रॅमवर आणावी लागते. व्हिल्डाग्लिप्टिनचीही मात्रा घटवावी लागते. लिनाग्लिप्टिन आणि टेनेलिग्लिप्टिन यांच्या मात्रेत मूत्रपिंडासाठी बदल करावा लागत नाही.

*पायोग्लिटाझोन.* मूत्रपिंडासाठी याची मात्रा बदलावी लागत नाही, पण त्याने अंगात पाणी साठते. पायावर सूज किंवा हृदय दुबळे असेल तर ते टाळलेले बरे.

*ग्लिफ्लोझिन गट.* डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही यातील प्रमुख नावे. या गटाने गेल्या काही वर्षांत मोठा बदल घडवला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,३०४ रुग्णांच्या अभ्यासात डापाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड झपाट्याने ढासळणे, ते निकामी होणे आणि त्या अनुषंगाने होणारे मृत्यू यांचा एकत्रित धोका सुमारे ३९ टक्क्यांनी कमी केला. त्याच वर्षी आपल्या देशात त्याचे पेटंट संपले आणि ते सामान्यांच्या आवाक्यात आले. म्हणजे मूत्रपिंडाच्या विकारात औषधे फक्त बंदच करायची असतात असे नाही. योग्य औषध योग्य वेळी सुरू करणे हाही उपचारच आहे. मात्र या गटाचा एक विशेष धोका आपल्या समाजाने जाणून घेतला पाहिजे, तो पुढे सांगतो.

आजकाल एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असतात. डॉक्टरांनी "मेटफॉर्मिन बंद करा" म्हटले, तरी ते जोडगोळीतून पोटात जातच राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे. गोळीच्या नावापुढे 'एम' हे अक्षर असेल तर तिच्यात बहुधा मेटफॉर्मिन असते, म्हणून पट्टी वाचणे आवश्यक आहे.

व्रत, उपवास आणि औषधे

आता थोडे आपल्या घरातील. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. चौविहार करणारी व्यक्ती सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पाळते. म्हणजे जवळजवळ चौदा तास पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. निरोगी माणसाला हे हितकरच आहे. परंतु संध्याकाळी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या आणि मूत्रपिंड थकलेल्या वृद्धाला हे चौदा तास फार लांब असतात.

पर्युषणातील उपवास, अठ्ठाई, आयंबिलाची ओळी किंवा वर्षीतप करताना हा प्रश्न अधिक गंभीर होतो. उपवासात पाणी कमी पडले, तर आधीच दुबळे मूत्रपिंड आणखी आकसते आणि औषधे अधिक साचतात. ग्लिफ्लोझिन गटाचा धोका येथेच आहे. लांबलेल्या उपवासात ही गोळी चालू राहिली, तर रक्तात कीटोन आम्ले वाढू शकतात. विशेष म्हणजे त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप अशी लक्षणे "उपवासाचा त्रास" म्हणून दुर्लक्षिली जातात. म्हणून मोठ्या तपापूर्वी किमान दोन आठवडे आपल्या डॉक्टरांना भेटा, तपाचे स्वरूप स्पष्ट सांगा आणि कोणती गोळी थांबवायची, कोणती कमी करायची ते लिहून घ्या. पारण्यानंतर ती कधी सुरू करायची, तेही विचारा. डॉक्टर रागावतील म्हणून तप लपवून करू नका. जे मूत्रपिंडाच्या विकाराच्या पुढच्या टप्प्यात आहेत, डायलिसिसवर आहेत किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी निर्जळ किंवा लांबचे उपवास करू नयेत, असेच माझे वैद्यकीय मत आहे.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु बारा प्रकारच्या तपांत अनशनाबरोबर ऊनोदरी, रसपरित्याग, स्वाध्याय आणि वैयावृत्त्य यांचीही गणना आहे, हे आपण सर्वजण जाणतो. पच्चक्खाणातही आगार सांगितलेले आहेत, आणि समाधी राखण्यासाठी औषध घेण्याचा आगार त्यांतच येतो. त्या आजींना हे ठाऊक असते, तर पहाटे चार वाजता त्यांनी मान हलवली नसती. म्हणून ज्येष्ठांनी पच्चक्खाण घेतानाच आपला आजार महाराजसाहेबांच्या कानावर घालावा आणि त्यांचे मार्गदर्शन घ्यावे.

साखर उतरली तर काय करावे?

घाम, थरथर, धडधड आणि अचानक लागलेली भूक ही साखर उतरल्याची नेहमीची लक्षणे. परंतु वृद्धांत आणि रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत ती दिसतीलच असे नाही. असंबद्ध बोलणे, चिडचिड, झोपेतून नीट जागे न होणे, एवढेच दिसते आणि आपण ते वयावर ढकलतो. शंका आली की आधी साखर तपासा. मीटर नसेल तर साखर उतरली आहे असे समजून उपचार करा.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा द्या. मी ग्लुकोज पावडरच का म्हणतो? अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध चालू असेल, तर घरातली साखर आतड्यात लवकर फुटत नाही आणि गुण उशिरा येतो. संत्र्याचा रस आणि शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम भरपूर असते, ते मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते. म्हणून ग्लुकोजचा डबा आजोबांच्या उशाशी असावा.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, एका कुशीवर वळवा आणि तातडीने रुग्णालयात न्या. आणि शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणू नका. मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाची गोळीने उतरलेली साखर एक-दोन दिवस पुन्हा पुन्हा घसरू शकते.

याशिवाय सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. घटक न लिहिलेल्या पुड्या "मधुमेह मुळापासून जातो" या आश्वासनावर घेऊ नका. अशा पुड्यांत साखर उतरवणारी आधुनिक औषधे मिसळलेली आढळली आहेत.

समारोप

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. ग्लिबेनक्लामाइड कायमचे बंद झाले. मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सल्ल्याने सकाळचे थोडे इन्सुलिन सुरू केले आणि सायंकाळचे साखरेचे औषध पूर्ण काढून टाकले. उपाशीपोटी साखर १४०-१५० राहिली तरी चालेल, असे ठरवले. त्या वयात थोडी अधिक साखर सहन होते, उतरलेली साखर मात्र क्षमा करत नाही. पुढे अनेक वर्षे त्या येत राहिल्या. चौविहारही चालू राहिला, पण तो महाराजसाहेबांना विचारून, आगार ठेवून, आणि उशाशी ग्लुकोजचा डबा ठेवून!

आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकच काम करावे. आई-वडिलांच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि मूत्रपिंडाचा शेवटचा अहवाल शेजारी शेजारी ठेवावा. अहवाल वर्षापेक्षा जुना असेल, किंवा मुळीच नसेल, तर याच आठवड्यात तपासणी करावी. कोणतीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. डॉक्टर विचारायचे विसरले तर आपण विचारावे. मीही एकदा विसरलो होतो.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस माझ्या हार्दिक शुभेच्छा. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास अंतःकरणपूर्वक मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र!